मामांच्या यशिका-मॅटमध्ये राहिलेला रोल: आधी काय करावे?

किनारपट्टी (कणकवली):

नमस्कार. माझ्या मामांचा बाजारपेठेत फोटो स्टुडिओ होता. डिजिटल आल्यानंतर त्यांनी तो हळूहळू आवरता घेतला आणि गेल्या वर्षी ते गेले. मागच्या आठवड्यात स्टुडिओतले लोखंडी कपाट रिकामे करताना मामींनी त्यांचा यशिका-मॅट १२४जी हा दुहेरी भिंगांचा कॅमेरा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, "तुला यातले कळते, तूच वापर." खरे सांगायचे तर मला डिजिटल कॅमेऱ्यापलीकडे फारसे काही कळत नाही, म्हणून येथे विचारतो आहे.

कॅमेरा चामड्याच्या मूळ पाकिटात होता आणि पाकिटाला आतून पांढुरकी बुरशी आलेली आहे. भिंगांवर तिरपा टॉर्च मारला असता एका कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसतात. मामा दर खंडेनवमीला कॅमेऱ्याची पूजा करीत असत, त्यामुळे वरच्या झाकणावर आणि शटरच्या चाकाच्या खाचेत वाळलेले हळदकुंकू बसले आहे. ते पुसायला हात धजत नाही, हेही सांगून टाकतो.

आता मुख्य गोष्ट. मी काहीही न पाहता शटरचा वेग एक सेकंदावर असताना बटण दाबले. शटरची पाती उघडली, तशीच दोन-तीन सेकंद उघडी राहिली आणि मग सावकाश मिटली. त्यानंतर बाजूच्या खिडकीकडे लक्ष गेले, तर तेथे ७ हा आकडा दिसत होता. म्हणजे आत रोल आहे आणि तो मामांनी भरलेला आहे. त्या क्षणापासून मी हँडलला हात लावलेला नाही. हा रोल कसा काढावा, तो आता धुता येईल का, आणि हा कॅमेरा पुढे वापरता येण्यासारखा आहे का, हे कृपया सांगावे.


काळोखीखोली (पुणे):

मागचे झाकण उघडले नाही, हे फार चांगले केले. यापुढेही रोल पूर्ण गुंडाळला जाईपर्यंत ते उघडू नका. पस्तीस मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात फिल्म उलटी डबीत गुंडाळावी लागते; तुमच्या कॅमेऱ्यात १२० चा रोल आहे आणि त्याची रीत वेगळी असते. फिल्मच्या पाठीला लांब कागद असतो, ती खालच्या रिळावरून वरच्या रिळावर सरकत जाते, आणि शेवटी तो कागदच तिच्याभोवती गुंडाळला जाऊन तिला उजेडापासून वाचवतो.

तुमच्या वर्णनातून एक महत्त्वाची गोष्ट समजते. बटण दाबल्यावर शटर चालले, याचा अर्थ ते आधीच ताणलेले होते. या कॅमेऱ्यात हँडल फिरवले की फिल्म पुढे जाते आणि त्याच हालचालीत शटरही ताणले जाते. म्हणजे मामांनी सातवी फ्रेम समोर आणून ठेवली होती, पण काढली नव्हती. मामांच्या फ्रेम सहा आहेत, सातवी तुमची आहे, आणि आठ ते बारा या पाच कोऱ्या आहेत.

या पाच कोऱ्या फ्रेमवर आता फोटो काढावेत असा मोह होईल, पण तो टाळा. त्यांचा खरा उपयोग पुढे सांगतो. भिंगांवर टोपी घाला, शटरचा वेग १२५ वर आणा (मंद वेगाला हात लावू नका, तेथे यंत्रणा अडकलेली आहे), हँडल थांबेपर्यंत पुढे फिरवा, उलट फिरवून जागेवर आणा, बटण दाबा, आणि असे बारापर्यंत करा. बारावी झाली की हँडल मोकळे फिरू लागते. कागदाचे शेपूट पूर्ण गुंडाळले जाईपर्यंत ते फिरवत राहा. मध्येच जड लागले तर जोर करू नका. तसे झाल्यास रात्री पूर्ण अंधार केलेल्या खोलीत कॅमेरा उघडून रोल हाताने गुंडाळावा लागेल. सर्व सुरळीत झाले तरीसुद्धा झाकण मंद उजेडातच उघडा, कागदाची चिकटपट्टी ओली करून रोल घट्ट बंद करा आणि काळ्या डबीत ठेवा. कागदावर फिल्मचे नाव छापलेले असेल, ते मला कळवा. रंगीत निघाली तरी ती कृष्णधवल रसायनात धुवावी असेच मी सांगेन. इतक्या जुन्या फिल्ममधले रंग बहुधा हाती लागत नाहीत, चांदीची प्रतिमा मात्र लागते.


एफ-सोळा (नागपूर):

रोल बाहेर काढण्याची रीत वर सांगितलेलीच आहे. पण पाच कोऱ्या फ्रेम वाया का घालवायच्या, हे मला समजले नाही. मामांच्या स्टुडिओच्या दारात उभे राहून मामींचे दोन फोटो त्याच रोलवर काढले, तर सहा फोटो मामांचे आणि पुढचे भाच्याचे, असा रोल पूर्ण होईल. फिल्मची संवेदनशीलता घटलेली असणार, म्हणून उजेड तीन-चार पट जास्त द्यावा. मी स्वतः मुदत उलटलेल्या अनेक रोलवर असे फोटो काढले आहेत.

उजेड मोजणाऱ्या मीटरविषयी थोडे. १२४जी च्या मीटरला मूळ १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागत असे, आणि पाऱ्याचे सेल आता बंद झाले आहेत. त्याच मापाचा दीड व्होल्टचा अल्कलाइन सेल घातला तर सुई हलते, पण उजेड आहे त्यापेक्षा जास्त दाखवते, आणि तिच्यावर विसंबलेल्या माणसाच्या निगेटिव्ह पातळ (फिक्या) येतात. शिवाय अल्कलाइन सेलचा दाब वापराबरोबर उतरत जातो, त्यामुळे आजची चूक आणि दोन महिन्यांनंतरची चूक सारखी राहत नाही. यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कानाच्या श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा सेल. तो १.४ व्होल्टचा असतो, संपेपर्यंत दाब जवळपास स्थिर ठेवतो आणि श्रवणयंत्रांच्या कोणत्याही दुकानात मिळतो. तो व्यासाने लहान असल्यामुळे त्याच्याभोवती नळाच्या वायसरसारखी रबरी कडी बसवावी लागते. वरची चिकटपट्टी काढून त्याला हवा मिळाली की त्याचे आयुष्य सुरू होते आणि वापरा किंवा न वापरा, काही आठवड्यांत ते संपते. या कॅमेऱ्याचे वरचे झाकण उघडले की मीटर आपोआप चालू होतो, म्हणून ते उघडे टाकू नये.

मी मात्र मीटरकडे पाहतच नाही. स्वच्छ उन्हात भिंगाचे छिद्र एफ १६ ठेवावे आणि शटरचा वेग फिल्मच्या आयएसओच्या (संवेदनशीलतेच्या आकड्याच्या) जवळचा घ्यावा, म्हणजे १२५ ची फिल्म असेल तर १/१२५ आणि ४०० ची असेल तर १/५००. सावलीत किंवा आभाळ भरलेले असताना छिद्र ५.६ पर्यंत उघडावे. आमच्या मे महिन्याच्या उन्हात हा नियम कधी चुकलेला नाही. तुमच्याकडच्या श्रावणात, जेथे दर दहा मिनिटांनी उजेड पालटतो, तेथे शंका आल्यास एक घर जास्त (म्हणजे दुप्पट) उजेड द्यावा. निगेटिव्ह फिल्म जास्त उजेड सहन करते, कमी उजेड मात्र माफ करत नाही.


काळोखीखोली (पुणे):

एफ-सोळा, तुमची कल्पना मनाला भावणारी आहे, तरीही माझा विरोध कायम आहे, आणि त्याला कारण आहे.

जुन्या फिल्मवर दोन गोष्टी घडलेल्या असतात. उष्णतेमुळे आणि काळाने सर्व फिल्मवर एकसारखा काळेपणा चढतो, ज्याला आपण फॉग म्हणतो. आणि न धुतलेली प्रतिमा हळूहळू विरत जाते. कोकणातल्या दमट हवेत लोखंडी कपाटात काही उन्हाळे काढलेल्या रोलमध्ये या दोन्ही गोष्टी भरपूर असणार. रसायनात जास्त वेळ ठेवले तर प्रतिमेबरोबर फॉगही वाढतो, कमी ठेवले तर दोन्ही कमी पडतात. नेमका किती वेळ द्यायचा, हे कोणत्याही तक्त्यात मिळत नाही. ते त्याच रोलच्या तुकड्यावर पाहावे लागते आणि त्यासाठीच या कोऱ्या फ्रेम हव्यात.

सुदैवाने १२० चा रोल उलगडताना शेवटच्या फ्रेम आधी हाती येतात, कारण फिल्म कागदाला फक्त सुरुवातीच्या टोकाला चिकटवलेली असते. पाच फ्रेम म्हणजे सुमारे एक फूट फिल्म होते. पूर्ण अंधारात त्या टोकाकडून वीतभर फिल्म कापून घ्या, उरलेला रोल डबीत बंद करा, आणि कापलेल्या फिल्मचे तीन तुकडे करा. प्रत्येक तुकड्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून उरलेला अर्धा क्षणभर उजेडात धरा. मग एक तुकडा आठ मिनिटे, दुसरा अकरा आणि तिसरा चौदा मिनिटे धुवा. उजेड लागलेला भाग आणि झाकलेला भाग यांतला फरक ज्या तुकड्यात सर्वांत जास्त दिसेल, ती वेळ उरलेल्या रोलला द्यायची. माझ्या हातून एकदा असा रोल चाचणी न करताच धुतला गेला होता, आणि संपूर्ण फिल्म तव्यासारखी काळी निघाली होती. तो रोल माझा नव्हता, एका स्नेह्यांच्या वडिलांचा होता. म्हणून इतक्या आग्रहाने लिहितो आहे.

रसायन म्हणून डी-७६ हा डेव्हलपर (प्रतिमा उमटवणारे द्रावण) चालेल. तयार पुडी मिळाली नाही तर जुने स्टुडिओवाले करीत तसे घरी तयार करता येते. पाऊण लिटर कोमट पाण्यात आधी सल्फाइटची चिमूट टाकून मेटॉल २ ग्रॅम विरघळवावे, नंतर सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम हे क्रमाने घालून पाणी एक लिटर करावे. एका घटकाने पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ होईपर्यंत पुढचा घटक घालू नये. आधी सगळे सल्फाइट घातले तर मेटॉल नीट विरघळत नाही, ही नवख्यांची नेहमीची चूक आहे. फॉग रोखण्यासाठी त्यात किंचित बेन्झोट्रायझोल घालता येते.

तापमान २० अंश ठेवा. कणकवलीत नळाचे पाणी एवढे थंड मिळणार नाही, म्हणून रसायनाच्या बाटल्या बर्फाच्या पाण्याच्या बादलीत ठेवाव्यात. बर्फ थेट रसायनात घालू नये. डेव्हलपर, हायपो (प्रतिमा पक्की करणारे द्रावण) आणि शेवटचे धुण्याचे पाणी यांच्या तापमानात मोठा फरक पडू देऊ नका, नाहीतर जुन्या फिल्मचा थर सुरकुततो. आम्लयुक्त हायपोत तुरटी घालून थर कडक करण्याची आपल्याकडच्या स्टुडिओंची पद्धत होती, ती येथे उपयोगी पडेल. आणखी एक गोष्ट: वर्षानुवर्षे गुंडाळलेली फिल्म टाकीच्या रिळावर चढताना साप वेटोळे घालतो तशी उलटी गुंडाळत जाते. आधी एखाद्या वाया गेलेल्या रोलवर डोळे मिटून सराव करा. रीळ पूर्ण कोरडे हवे.


भिंगारी (डोंबिवली):

रोलबद्दल आणखी काही सांगण्यासारखे उरलेले नाही. मी शटर आणि बुरशीबद्दल लिहितो.

माझ्याकडून झालेली चूक आधी सांगतो. माझ्या यशिका ६३५ चे शटर तुमच्यासारखेच मंद वेगाला अडत होते. मी घरातल्या शिलाई मशिनच्या तेलाचे दोन थेंब भिंगाच्या कडेने सोडले. एक दिवस शटर झकास चालले. तिसऱ्या दिवशी पाती एकमेकांना अशी चिकटली की उघडेनातच. या शटरची पाती पूर्ण कोरडी असावी लागतात; ती कागदाइतकी पातळ असतात आणि तेलाचा नुसता ओलावाही त्यांना धरून ठेवतो. तुमच्या शटरमध्ये एक सेकंद, अर्धा सेकंद असे वेग मोजणारी दात्यांची छोटी साखळी असते, तिच्यातले मूळ वंगण वाळून डिंकासारखे झालेले आहे. त्यामुळे मंद वेग अडतात, पण १/६० च्या पुढचे वेग बहुधा ठीक असतात. रोल काढल्यानंतर मागचे झाकण उघडे ठेवून, खिडकीकडे तोंड करून, प्रत्येक वेग डोळ्यांनी तपासा. वेग वाढत जाताना उजेडाचा ठिपका क्रमाने अधिकाधिक क्षणिक होत गेला पाहिजे. सेल्फ-टायमरच्या खटक्याला मात्र हात लावू नका. तो मध्येच अडकला तर शटरही अडकून बसते.

यावर उपाय म्हणजे पुढचे भिंग काढून आतली साखळी नॅफ्थाने धुणे. हे काम माहीतगाराकडूनच करून घ्यावे. मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजार भागात अजूनही असे काम करणारे कारागीर बसतात. जाण्यापूर्वी त्यांनी दुहेरी भिंगांचे कॅमेरे उघडलेले आहेत का, हे विचारून घ्या.

बुरशीबाबत आधी एवढेच पाहा की ती वरच्या भिंगावर आहे की खालच्या. वरचे भिंग केवळ पाहण्यासाठी असते, फोटो खालच्या भिंगातून निघतो. वरच्यावर असेल तर तुम्हाला चित्र थोडे धुरकट दिसेल, फिल्मवर काहीही फरक पडणार नाही. खालच्या भिंगावर असेल आणि नुकतीच धरलेली असेल तर पुसून जाते. बरीच जुनी असेल तर भिंगावरचा लेप खाल्लेला असतो, तो परत येत नाही, तरीही कडेच्या चार धाग्यांनी फोटो बिघडत नाही. लोक कॅमेरा उन्हात वाळवायला सांगतात. उन्हात ठेवायचाच असेल तर भिंग सूर्याकडे ठेवू नका. भिंग शेवटी भिंगच असते, आणि लहानपणी आपण सर्वांनी त्याने कागद जाळलेला आहे.

ते चामड्याचे पाकीट आजच कॅमेऱ्यापासून दूर करा. आठवण म्हणून ठेवायचे असेल तर वेगळ्या खोलीत ठेवा. चामडे ओलावा धरून ठेवते आणि बुरशीला खायला घालते. कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, आणि निळे खडे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळे करून घ्या. तांदळात ठेवण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तांदळाची पूड दात्यांत जाते.

हळदकुंकवाचेही तसेच आहे. झाकणावरचे राहू द्या, त्याने काही बिघडत नाही. चाकाच्या खाचेतले मात्र मऊ ब्रशने आणि रबरी फुग्याच्या हवेने काढा, कारण ती बारीक पूड आत उतरली तर खरवडण्याचे काम करते. तोंडाने फुंकू नका, थुंकीचे तुषार आत जातात.

आणि मागच्या झाकणाच्या कडेचा काळा स्पंज तपासा. तो बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर त्याचे काम संपलेले आहे. टूथपिक आणि स्पिरिटने तो खरवडून त्या जागी काळा लोकरीचा धागा बसवला तरी उजेड अडतो.


किनारपट्टी (कणकवली):

सर्वांचे मनापासून आभार. सहा आठवड्यांनी लिहितो आहे, याबद्दल क्षमस्व. सरावासाठी वाया गेलेला रोल मिळवण्यातच दोन आठवडे गेले.

रोल हँडलनेच सुरळीत निघाला. कागदावर ऑर्वो एनपी २२ असे नाव होते, म्हणजे फिल्म कृष्णधवल निघाली. काळोखीखोली यांनी सांगितल्याप्रमाणे तीन तुकडे धुतले. आठ मिनिटांच्या तुकड्यात दोन्ही भाग करडे निघाले, चौदाच्या तुकड्यात दोन्ही जवळपास काळे. अकरात फरक सर्वांत स्पष्ट होता. उरलेला रोल अकरा मिनिटे धुतला. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन यांच्या बाटल्या मामांच्या कपाटात होत्या, पण त्यांतली पूड तपकिरी झालेली असल्याने ती टाकून नवी मागवली. त्यांचा तोलकाटा मात्र वापरला.

सहापैकी चार फ्रेम वाचता येतात. तीन पासपोर्ट फोटो आहेत. पांढऱ्या पडद्यासमोर बसलेल्या दोन माणसांना मामींनी ओळखले, त्यातले एक आमच्या वाडीतलेच आहेत आणि त्यांना प्रत हवी आहे. तिसऱ्या माणसाला कोणी ओळखत नाही. चौथ्या फ्रेममध्ये रंगवलेला डोंगर आणि तळे यांचा पडदा आणि त्याच्यापुढे रिकामी खुर्ची आहे, बहुधा मामा दिवे जुळवून पाहत असावेत. उरलेल्या दोन फ्रेमवर फॉगशिवाय काहीच नाही.

सातवी फ्रेम, जी मी अजाणता काढली, ती सर्वांत ठसठशीत निघाली. दोन-तीन सेकंद शटर उघडे राहिल्यामुळे जुन्या फिल्मला हवा तेवढा उजेड मिळाला असणार. कॅमेरा हातात हलल्यामुळे कपाटाच्या दोन कडा दिसतात, आणि मामींच्या लुगड्याचा काठ तीन ठिकाणी उमटला आहे.

बुरशी वरच्या भिंगावर निघाली, त्यामुळे तिकडे तूर्त दुर्लक्ष करतो आहे. वेग तपासले, तर १/३० पासून पुढचे सर्व नियमित वाटतात. शटर धुऊन घेण्यासाठी कॅमेरा गणपतीनंतर मुंबईला नेणार आहे. तोपर्यंत १/६० आणि १/१२५ वर एक रोल काढून पाहावा असा विचार आहे. तत्पूर्वी एक शंका: फिल्म दाबून धरणाऱ्या मागच्या पट्टीवर १२ आणि २४ अशा दोन खुणा आहेत आणि ती सरकवता येते. ती कोठे ठेवावी?


भिंगारी (डोंबिवली):

१२ वर ठेवा. २४ ची खूण २२० च्या रोलसाठी आहे, ज्याच्या फिल्मच्या पाठीला कागद नसे. आता बाजारात मिळणारे असे रोल बहुतेक १२० चेच असतात. पट्टी चुकून २४ वर राहिली तर फिल्मवर दाब बदलतो आणि मोजणी बारावर थांबत नाही. झाकण लावल्यावर बाजूच्या खिडकीत १२ दिसतो आहे ना, एवढे पाहून मगच हँडल फिरवा.